पाल्याचं पथ्य

आप्पासो मगदूमांना ही नोकरी लागली तेव्हा त्यांना वाटलं होतं, गाई सांभाळायच्या आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या एका जुन्या ओळखीच्या माणसानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की कोल्हापुरात औषधशास्त्राचं एक कॉलेज आहे आणि तिथं जनावरं बघायला मायाळू माणूस पाहिजे. जनावर म्हटल्यावर कोडोलीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? लाथा मारणारी गाय वळणावर कशी आणायची, हे सांगायची पूर्ण तयारी करून आप्पासो मुलाखतीला गेले. साहेबांनी एक दार उघडून दाखवलं. आत भिंतीकडेच्या मांडण्यांवर ओळीनं प्लास्टिकचे पिंजरे आणि प्रत्येकात तीन-तीन पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. आप्पासोंना हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी हसले होते ते, पण साहेबांना काय माहीत? त्यांना वाटलं, माणूस मुळातच आनंदी दिसतोय, आणि त्यांनी त्यांना ठेवून घेतलं.

त्याआधी सव्वीस वर्षं आप्पासो शिरोलीतल्या एका फाउंड्रीत तपासणीच्या टेबलाला होते. भट्टीतून येऊन घासूनपुसून झालेला एकेक सुटा भाग हातात घ्यायचा, व्हर्निअर लावायचा आणि आकडा म्हणायचा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरक त्यांच्या बोटांना आधी कळायचा आणि व्हर्निअरला मागून. चुकीचा माल त्यांनी कधी पुढं सोडला नाही. सुपरवायझर गोड बोलला, मालक ओरडले, तरी नाही. पुढं मालकांनी वयोमानानं धंदा गुंडाळला, आणि त्याच वर्षी आप्पासोंची बायको त्रिशला स्तनाच्या कॅन्सरनं गेली. एकुलता एक मुलगा सम्मेद बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. कसबा बावड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आप्पासो एकटे उरले.

एकटेपण जैनाच्या घरात इतरांपेक्षा लवकर सुरू होतं. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही हा नियम, आणि आप्पासोंनी तो जन्मभर पाळलेला. आजूबाजूच्या घरांत आठ-नऊला कुकरच्या शिट्ट्या होतात, आमटीला फोडणी पडते, पोरांवर ओरडाआरडा होतो; माणसांची संध्याकाळ त्यात निघून जाते. आप्पासोंचं ताट सहालाच धुऊन पालथं पडलेलं असायचं. तिथून झोपेपर्यंत चार तास. ते कसे काढायचे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते टीव्ही लावायचे, तोही आवाज बंद करून, कारण आजारपणात त्रिशलाला आवाज सोसायचा नाही आणि ती सवय मागं राहिली होती. रविवारी सम्मेदचा फोन यायचा. जेवला का, बीपीची गोळी घेतली का, थंडी पडली का. पाच मिनिटांत विषय संपायचे.

म्हणून उंदीर का होईना, सोबत झाली. सकाळी साडेआठला येऊन पिंजऱ्यातलं तूस बदलायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, जाळीच्या झाकणावर खाद्याच्या गोळ्या घालायच्या. आप्पासो त्या गोळ्यांना पेंड म्हणायचे आणि उंदरांना मंडळी. या मंडळींवर औषधं तपासतात हे पहिल्या आठवड्यात कळलं. तपासून झाल्यावर त्यांना मारतात हे कळायला तीन महिने गेले. त्या दिवशी राजीनामा लिहून खिशात घातला होता त्यांनी. पाणी गाळून पिणाऱ्या घरातला माणूस, मुंगी दिसली तर पाय आखडून घेणारा. पण राजीनामा देऊन जायचं कुठं, तर त्या दोन खोल्यांत. मग त्यांनी स्वतःची समजूत काढली, की मी नसलो तर दुसरा कुणीतरी असणारच, आणि तो यांना मंडळी म्हणेलच असं नाही. त्यानंतर मारायच्या दिवशी ते कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे आणि मनात णमोकार मंत्र म्हणायचे. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायचे, पण अभिषेकाला पुढं होणं त्यांनी आपणहून सोडलं. लोकांत मागं उभं राहायचे. कोडोलीच्या भावानं काम काय म्हणून विचारलं तर सांगायचे, स्टोअरला आहे.

हे एवढंसं खोटं. एक मोठं होतं, ते सहा वर्षं त्यांच्या छातीवर बसलेलं होतं.

त्रिशलाला गाठ लागली ती अंघोळ करताना, श्रावणात. तिनं ती त्याच दिवशी आप्पासोंना सांगितली. दार लोटून घेतलं, त्यांचा हात धरला आणि दाखवली. आप्पासोंची बोटं म्हणाली, बारा मिलिमीटर. ती म्हणाली, डॉक्टरकडं जाऊया का. हे म्हणाले, पर्युषण तोंडावर आलंय, पर्व होऊ दे, तोवर निरगुडीचा पाला बांधूया. त्यांच्या आईनं आयुष्यभर प्रत्येक सुजेवर, प्रत्येक गाठीवर तोच पाला बांधला होता. कोडोलीच्या रानातून आप्पासो पिशवी भरून पाला आणायचे, स्वतः वाटायचे, कोमट करून स्वतः बांधायचे. पर्व झालं, दिवाळी झाली, फाउंड्रीत कामाची गर्दी झाली. रोज पाला बांधताना गाठ वाढलेली त्यांच्या बोटांना कळत होती. लोखंडाचा तुकडा असता तर पहिल्याच आठवड्यात बाजूला काढला असता. इथं मात्र सव्वीस वर्षं आकडा न बदललेला हा माणूस बायकोला रोज सांगत राहिला, बसायला लागलीय, जरा कमी वाटतीय. असे आठ महिने गेले. डॉक्टरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, इतके दिवस काय करत होता?

बंगळूरहून सम्मेद रात्रीच्या गाडीनं आला. दवाखान्याच्या जिन्यात त्यानंही तेच विचारलं. आईनं आधी का सांगितलं नाही? आप्पासो त्या वेळी खरं बोलले असते तर पोरगं चिडलं असतं, ओरडलं असतं, आणि कधीतरी निवळलंही असतं. पण जिन्यात त्यांच्या तोंडून निघालं, "लाजली रं. लपवलं तिनं." वर खोलीत त्रिशला इंजेक्शनच्या गुंगीत होती. तिला हे कधी कळलं नाही. चार महिन्यांनी ती गेली, आणि सम्मेद आईवरचा राग घेऊन परत गेला. तो राग अजून उतरलेला नव्हता. आईनं आपल्याला परकं केलं, असं तो म्हणायचा. ते ऐकताना आप्पासो फोन दुसऱ्या कानाला लावायचे.

पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. जैन माणूस त्या दिवशी लहानथोर सगळ्यांची माफी मागतो: कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. हल्ली हे सगळं मोबाइलवर येतं, फुलांच्या चित्रासकट. आप्पासो दरवर्षी सम्मेदला ते चित्र पाठवायचे. सम्मेदकडूनही दुसऱ्या फुलांचं चित्र यायचं. झाली माफी.

अशात क्रांती आली. बिद्रीकडच्या शेतकऱ्याची पोर, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. पीएच.डी. करायला आली होती. पहिल्याच दिवशी उंदरांच्या खोलीत येऊन म्हणाली, "आप्पा, मला तीस उंदीर लागणार हायत. जीव लावून बघायला पायजेत." आणि काम काय ते तिनं सांगितलं. उंदराच्या माद्यांना रसायन देऊन स्तनात गाठी आणायच्या, मग एका झाडाच्या पाल्यातून वेगळं काढलेलं द्रव्य रोज नळीनं पोटात सोडायचं आणि गाठी कमी होतात का ते बघायचं. आप्पासोंनी आपलं सहज विचारलं, कसला पाला. ती म्हणाली, निरगुडी.

आप्पासोंच्या हातातलं तुसाचं घमेलं खाली पडलं. क्रांतीनं ते भरायला मदत केली. तिला वाटलं, वयामुळं निसटलं.

त्या दिवसापासून आप्पासोंच्या डोक्यात एकच हिशोब. पाला खरा ठरला तर आपण बांधत होतो ते निदान औषध तरी होतं. मात्रा चुकली असेल, रीत चुकली असेल, पण तो नुसता अडाणीपणा नव्हता. मग सम्मेदला सांगता येईल, की पोरा, तुझ्या आईनं लपवलं नव्हतं, आम्ही दोघं औषध करत होतो. एका छापील कागदाचा आधार असला की ते बोलता येईल, असं त्यांना वाटायला लागलं. ते साडेआठच्या जागी आठला यायला लागले. क्रांतीला व्हर्निअर धरता येत नव्हता. तिच्या हातात उंदीरही वळवळायचा आणि व्हर्निअरही. आप्पासोंनी एकदा तो तिच्या हातातून घेतला आणि गाठ मोजून आकडा सांगितला. त्यानंतर दर शनिवारी मोजमाप त्यांच्याकडंच आलं. ते आकडा म्हणायचे, ती लिहायची. मोजून झालं की ती गावाकडच्या गोष्टी सांगायची, कारखान्याचा गळीत हंगाम, आईचं गुडघ्याचं दुखणं. सहा वर्षांत आप्पासोंशी एवढं कुणी बोललं नव्हतं.

पाला द्यायला सुरुवात झाली ती नेमकी पर्युषणात. आप्पासो एकवेळ जेवून होते. दोन पिंजऱ्यांतल्या सहा उंदरांना पाल्याची लहान मात्रा, दुसऱ्या दोन पिंजऱ्यांतल्या सहांना मोठी. बाकीच्यांना काही नाही किंवा बाजारातलं ठरलेलं औषध. संध्याकाळी निघताना आप्पासोंनी सहज मागं बघितलं. पाल्याची मंडळी गोळ्या कुरतडत होती. उंदीर रात्रीचा खाणारा प्राणी, अंधार पडला की तो लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखा खातो. आप्पासोंच्या मनात आईचं बोलणं आलं. पाल्याचं औषध घेतलं की पथ्य पाहिजे, आणि पथ्यातलं पहिलं म्हणजे दिवस मावळला की तोंड बंद. पथ्य नसेल तर पाला अंगी लागत नाही, हे त्यांच्या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावलेली होती, खाद्य आणि पाणी चोवीस तास. आप्पासोंनी ती वाचली. मग पाल्याच्या चार पिंजऱ्यांवरच्या गोळ्या काढून डब्यात ठेवल्या. पाणी राहू दिलं. सकाळी आठला गोळ्या परत घातल्या. क्रांती साडेनऊला यायची.

चोरी केल्यासारखं त्यांना वाटलं नाही हे इथं सांगितलं पाहिजे. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण पथ्य ही काय विचारायची गोष्ट आहे? ते रोज गोळ्या काढत राहिले, रविवारी सुटी असूनही फाटकावरच्या गुंडूकडून किल्ली घेऊन. आठ आठवडे.

आणि पाला लागू पडला. आधी बोटांना कळलं, मग व्हर्निअरला. पाला न दिलेल्यांच्या गाठी शनिवारमागून शनिवार फुगत होत्या आणि पाल्याच्या मंडळींच्या जागच्या जागी थांबल्या होत्या. काही तर आकसल्या होत्या. त्यांची वजनं थोडी उतरली होती, खाणं कमी झालं होतं, पण औषधानं भूक मंदावते असं क्रांतीनं वहीत लिहिलं. शेवटच्या शनिवारी तिनं पेढे आणले. दोन पेढे आप्पासोंच्या हातावर ठेवून म्हणाली, हे आकडे तुमच्या हातचे आहेत. त्या संध्याकाळी आप्पासोंनी घरी टीव्हीचा आवाज मोठा केला. रविवारी सम्मेदला म्हणाले, तुला एक सांगायचं आहे, पण सावकाश, एक कागद छापून येऊ दे. सम्मेद म्हणाला, कसला कागद, जागेचा का? आप्पासो हसून म्हणाले, तसंच समज.

डिसेंबरात क्रांतीनं कॉलेजात सगळ्यांसमोर आपलं काम मांडलं. त्यानंतर हैदराबादच्या मोठ्या परिषदेला जायचं होतं, ही त्याची तालीम. तिनं आप्पासोंना आग्रहानं बोलावलं आणि ते शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पडद्यावर निरगुडीचं पान आलं, गाठींचे आकडे आले, टाळ्या झाल्या. मग बाहेरून आलेल्या एक वयस्क बाई उठल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, की पाल्याचे उंदीर कमी जेवलेले दिसतात. अर्धपोटी उंदराची गाठ तशीही कमी वाढते, हे फार जुनं माहीत आहे. मग हा परिणाम पाल्याचा कशावरून, उपासाचा नसेल कशावरून?

क्रांती गडबडली नाही. "मॅडम, खाद्य चोवीस तास समोर होतं," ती म्हणाली. "भूक कमी झाली ती औषधानं. आमचे आप्पा आहेत मागं बसलेले. त्यांच्या हातून एक दिवस चूक होणार नाही."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. कुणीतरी कौतुकानं मान हलवली. आप्पासोंनी हात जोडले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

पुढचे पाच दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. न सांगण्यात काय बिघडत होतं? डब्यातल्या गोळ्या काही बोलणार नव्हत्या. पोरीची पदवी झाली असती, कागद छापून आला असता, सम्मेदला दाखवता आला असता. सांगितलं तर पोरीची सव्वा वर्षाची मेहनत मातीत, आपली नोकरी जाणार, आणि दिवसातून चार वाक्यं बोलणारं एकमेव माणूस तुटणार. शिवाय पाला गेला की त्रिशलाचे ते आठ महिने उघडे पडणार. सगळ्या बाजूंनी गप्प बसणंच सोयीचं होतं. पण शनिवारी क्रांती जुने आकडे तपासायला म्हणून वही घेऊन बसली आणि तिनं सवयीनं व्हर्निअर त्यांच्यापुढं सरकवला. तो हातात घेतल्यावर आप्पासोंना गप्प बसता येईना.

"क्रांती, खाद्य चोवीस तास न्हवतं," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"पाल्याच्या पिंजऱ्यातलं मी काढत हुतो. संध्याकाळी काढायचो, सकाळी घालायचो. पाल्याला पथ्य लागतंय म्हणून."

"किती दिवस?"

"पयल्यापास्नं. रविवारी बी येत हुतो."

क्रांतीनं वही मिटली. तिनं आवाज चढवला असता तर आप्पासोंना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "पथ्य," आणि तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखं त्यांच्याकडं बघत राहिली. मग पिशवी उचलून निघून गेली. नऊ दिवस आली नाही.

त्या नऊ दिवसांत आप्पासो उंदरांशीही बोलले नाहीत. क्रांतीचे मार्गदर्शक धैर्यशील सर तेवढे दोनदा येऊन मनसोक्त बोलून गेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आप्पासो खाली मान घालून ऐकत होते. दहाव्या दिवशी क्रांती आली ती सरांच्या खोलीतूनच. हैदराबादला आपण जाणार नाही असं तिनं कळवून टाकलं होतं. आप्पांना काढून टाकू नका असंही सांगून आली होती. चूक केली हे खरं, पण आपणहून येऊन सांगणारा दुसरा कुठं मिळणार, असा तिचा सवाल होता. आप्पासोंशी मात्र ती कामापुरतंच बोलली. नवे उंदीर येणार, नवी परवानगी काढणार. या खेपेला तीन गट. एकाला काहीच नाही. दुसऱ्याला पाला आणि खाद्य चोवीस तास. तिसऱ्याला पाला नाही, पण संध्याकाळी खाद्य काढायचं, आणि काढल्याची वेळ लिहून सही करायची.

म्हणजे तिसऱ्या गटाला नुसतं पथ्य. आप्पासो रोज सही करत होते.

महिने गेले. उंदीर वाढले, गाठी आल्या, पाला सुरू झाला. शनिवारी मोजमाप चालायचं, ते आकडा म्हणायचे, ती लिहायची, पण मोजून झाल्यावरच्या गोष्टी बंद झाल्या होत्या. आप्पासो डबा खायला मागच्या पायरीवर जाऊन बसायचे. आणि शनिवारमागून शनिवार त्यांच्या बोटांना कळत होतं. पाल्याच्या मंडळींच्या गाठी वाढत होत्या. रोज पाला पोटात जात होता आणि गाठी वाढतच होत्या, बारा, पंधरा, अठरा. हे सगळं या बोटांनी एकदा पाहिलेलं होतं. त्या खेपेला ते कमी वाटतीय म्हणाले होते. या खेपेला असेल तो आकडा म्हणत होते.

शेवटचा शनिवार ऑगस्टच्या अखेरीला आला. मोजायला उशीर झाला, सहा वाजून गेले. आप्पासोंनी शेवटचा पाल्याचा उंदीर हातात घेतला आणि म्हणाले, "एकवीस पॉइंट सहा."

"परत एकदा मोजा, आप्पा."

त्यांनी परत मोजलं. "एकवीस पॉइंट सहा."

क्रांतीनं तिन्ही गटांची बेरीज-सरासरी काढली आणि पेन खाली ठेवलं. काहीच न दिलेल्यांत आणि पाल्याच्यांत फरक नसल्यात जमा होता. लहान राहिल्या त्या नुसत्या पथ्यवाल्यांच्या गाठी. ती नेहमीप्रमाणं सावधपणे बोलली, की या उंदरांत, या मात्रेत, पाल्यानं काही झालेलं नाही. यापलीकडं आपल्याला काही म्हणता येत नाही. जे केलं ते उपासानं.

"उपास," आप्पासो म्हणाले. "माझी बायको जन्मभर उपास करत हुती. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न्हवती घेत. तिला हीच गाठ आली."

क्रांतीला त्यांची बायको कशानं गेली हे माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आता त्यांनी सांगितलं. अंघोळीच्या दिवसापासून, लोटलेल्या दारापासून, कोडोलीच्या पाल्याच्या पिशवीपासून सगळं. सांगताना हातातला उंदीर खाली ठेवायचं राहिलं होतं, तो त्यांच्या तळव्यात निवांत बसून होता. पथ्य त्यांनी का पाळायला लावलं ते क्रांतीला आठ महिन्यांनी कळलं. तुमचा काय दोष, असं ती म्हणाली नाही. खोटं तिला जमत नव्हतं. तिनं उंदीर अलगद घेऊन पिंजऱ्यात सोडला आणि विचारलं, "हे तुमच्या पोराला म्हाइत हाय?"

"न्हाय. त्याला सांगितलंय, आईनं लपवलं म्हणून."

क्रांतीनं वही पिशवीत घातली. मग खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, "दिवस मावळायला अजून अर्धा तास हाय, आप्पा. डबा खाऊन घ्या." जाताना दारात थांबली. "सोमवारी येते. मागच्या पायरीवर बसू नका, आत बसा. मी बी डबा आणते."

ती गेल्यावर आप्पासो डबा घेऊन बसले. भाकरी, दोडक्याची भाजी, सकाळचीच. झाकण उघडलं नाही. क्षमावाणीला अजून महिना होता. फुलांचं चित्र मोबाइलमध्ये मागच्या वर्षीचं तसंच होतं, एक बोट लावलं की गेलं असतं. छापील कागद आता कधीच येणार नव्हता. त्यांनी सम्मेदचा नंबर लावला.

शनिवारी फोन आल्यामुळं सम्मेद घाबरला. काय झालं, पडला का, छातीत दुखतंय का, असं भराभर विचारत सुटला. आप्पासोंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, "सम्मेद, आईनं लपवलं न्हवतं. तिनं पयल्याच दिवशी मला दाखवली हुती. डॉक्टरकडं जाऊया म्हणाली. मी न्हेलं न्हाय."

पलीकडून आवाज येईना. फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी कानावरून काढून बघितला. सेकंद पुढं सरकत होते. मग सम्मेदनं विचारलं, "किती दिवस?"

"आठ महिनं."

यावर तो काय बोलेल याचा आप्पासोंनी इतकी वर्षं अंदाज बांधला होता. शिव्या देईल, फोन आपटेल, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणेल. यातलं काही झालं नाही. रडण्याचा आवाज आला, लहानपणी पडल्यावर यायचा तसा, आणि मग तो रडत रडत एवढंच म्हणाला, "मी तिच्याशी शेवटी नीट बोललो बी न्हाई, आण्णा."

आप्पासो फोन कानाला धरून बसून राहिले, तोही राहिला. किती वेळ ते कळलं नाही. सात वाजले आणि खोलीतले दिवे आपोआप विझले. उंदरांसाठी त्यांना तसं घड्याळ लावलेलं होतं. डबा मांडीवर न उघडलेला. आता तो उद्या सकाळीच उघडायचा.

फोन संपल्यावर आप्पासो उठले. पथ्यवाल्या पिंजऱ्यांवरच्या गोळ्या संध्याकाळी काढून ठेवल्या होत्या. मोजमाप संपलं होतं, आता त्यांना उपाशी ठेवायचं कारण उरलं नव्हतं. अंधारात चाचपडत त्यांनी गोळ्या परत जाळीवर घातल्या, थोड्या जास्तच घातल्या. मग दाराला कुलूप लावून, किल्ली गुंडूकडं देऊन, उपाशीपोटी बावड्याकडं चालत निघाले.